चाळ, टॉवर आणि खिडकीतले ऊन

गेल्या महिन्यात दुपारची ओपीडी संपत आली असताना माझ्या मामी दवाखान्यात येऊन बाकावर बसल्या. घरी येऊन दाखवता आले असते, पण त्यांनी रीतसर नंबर लावला होता. आत आल्यावर म्हणाल्या, "आज भाच्याकडं नाही आले, डॉक्टरकडं आलेय. खरं काय ते सांग."

मामींचे वय ७६. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, रक्तदाबाची गोळी चालू आणि हिवाळ्यात दमा उचल खातो. पण त्या दिवशी यातली एकही तक्रार नव्हती. त्यांचा सारा संसार मुंबईत, वरळीच्या बीडीडी चाळीत झाला. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी केली तेव्हापासून त्या तालुक्यातल्या आपल्या गावी राहतात. आता तिथे टॉवर उभे राहिले आणि एकोणिसाव्या मजल्यावर त्यांच्या कुटुंबाला घर मिळाले. मुलगा न्यायला आला होता. मामींचा प्रश्न एवढाच होता, "या गुडघ्यांनी अन् या दम्यानं मी एवढ्या उंच जाऊन राहावं का नाही?"

वाचक म्हणतील, मंठ्याच्या डॉक्टरला टॉवरचे काय पडले आहे? पण आपल्या तालुक्यातून मुंबई, पुणे, संभाजीनगरकडे पोटासाठी गेलेली माणसे थोडी नाहीत. त्यांचे म्हातारे आईवडील इथेच असतात आणि आज ना उद्या हाच प्रश्न त्यांच्यापुढे येतो. शिवाय घर आणि आरोग्य यांचा संबंध जसा मुंबईत तसाच मंठ्यातही आहे. म्हणून आज रोगाऐवजी घराविषयी लिहितो.

त्या खोलीतला खोकला

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली हे खाते निघाले. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजले. एका मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळासारखा व्हरांडा आणि सगळ्यांना मिळून सामाईक संडास. एक खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे आपल्याकडच्या जनावरांच्या गोठ्याएवढीसुद्धा नाही.

१९९४ साली मी इंटर्नशिप संपवून पुढच्या अभ्यासासाठी मुंबईला गेलो आणि तीन महिने मामांच्या खोलीत राहिलो. मामा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि ते रखवालदारी करू लागले. त्या १६० फुटांत आम्ही सात जण झोपत होतो. मामा खोकत असत. मी नवा एमबीबीएस. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने फुप्फुसे खराब होतात हे पुस्तकात वाचलेले, म्हणून मी ठरवून टाकले की हा गिरणीचा खोकला. खोकल्याचे औषध आणून दिले. पाच आठवड्यांनी थुंकीत रक्त दिसले तेव्हा कुठे एक्स-रे काढला. क्षय होता. औषधांनी मामा बरे झाले. पण त्याच वर्षी त्यांच्या धाकट्या मुलीलाही क्षय निघाला. ती तेव्हा आठवीत होती. तिचे शाळेचे एक वर्ष वाया गेले. डॉक्टर म्हणून माझ्या हातून झालेली ती पहिली मोठी चूक, आणि ती माझ्याच घरात झाली.

पण चूक माझी असली तरी रोगाला रान मोकळे मिळाले ते त्या खोलीमुळे. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. रोगी खोकतो, बोलतो तेव्हा जंतू असलेले अतिशय बारीक कण बाहेर पडतात आणि बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. उपचार न घेतलेला एक रोगी वर्षभरात दहा-पंधरा जणांना लागण करू शकतो. त्या हवेत वारा खेळला तर कण विरळ होतात. थेट ऊन लागले तर जंतू मरतात. औषधे नव्हती त्या काळातले डॉक्टर रोग्याला उघड्या हवेत ठेवत, त्यामागे हेच कारण होते.

म्हणून चाळ पाडू नये असे कोणी म्हणाले की मला ती खोली आठवते. आणखीही एक गोष्ट आठवते. मामी संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नसत. रात्री व्हरांड्याच्या टोकाला संडासात जावे लागू नये म्हणून. चाळीतल्या कितीतरी बायका असे करत. लघवी धरून ठेवणे आणि पाणी कमी पिणे, या दोन सवयींनी मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. मामींना तो वर्षातून दोनदा तरी होई. घरात स्वतःचा संडास असणे ही चैन नाही, ते औषध आहे.

पाडण्याचा जुना अनुभव

आरोग्यासाठी घरे पाडणे मुंबईला नवे नाही. १८९६ साली मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ सुरू झाली. साथीचे मूळ गलिच्छ, कोंदट वस्त्यांत आहे असे सरकारने ठरवले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने वस्त्याच्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आयुष्यातील अनेक वर्षे काढली. पण जितकी घरे पाडली तितकी वेळेवर बांधली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली. एका गल्लीतली गर्दी दुसऱ्या गल्लीत गेली, एवढेच झाले.

त्याच ट्रस्टने एक चांगला धडाही दिला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी खोलीत उजेड यावा म्हणून एक साधा हिशेब मांडला. तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. भूमिती बाजूला ठेवून सांगायचे तर, समोरची इमारत जितकी उंच असेल त्याच्या निदान निम्मे अंतर दोन इमारतींमध्ये मोकळे सोडायचे. चाळीस फूट उंच इमारत असेल तर मध्ये वीस फूट. एवढे अंतर असले तर तळमजल्याच्या खोलीलाही आकाश दिसते. हा हिशेब शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो करायला इंजिनिअर लागत नाही.

नव्या इमारती, जुना रोग

आता हाच हिशेब अलीकडच्या इमारतींना लावून पाहू. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात रस्ते आणि रेल्वेच्या कामांमुळे उठवलेल्या झोपडपट्टीवासीयांसाठी मोठ्या वसाहती बांधल्या गेल्या. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड ही त्यांतली नावे. घर २२५ चौरस फुटांचे, पक्के, आत नळ आणि संडास. नटवर पारेख कंपाउंडमध्ये साठाच्या आसपास सात मजली इमारती आहेत आणि दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर, म्हणजे दहा फूट. सात मजली इमारतीची उंची सत्तर फूट धरली तर ऑरसाहेबांच्या नियमाने पस्तीस फूट अंतर हवे होते. भर दुपारी खालच्या घरांत दिवा लावावा लागतो. वरून कचरा टाकतात म्हणून खिडक्याही बंद ठेवल्या जातात.

'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने या वसाहतींचा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे इमारती एकमेकींना खेटून आहेत तिथे क्षयाचे रुग्ण अधिक आढळले, जिथे अंतर बरे आहे तिथे कमी. एकाच वसाहतीतसुद्धा, ज्या खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही तिथे रोग जास्त. झोपडी गेली, भिंत पक्की झाली, पण मामांच्या खोलीतला खोकला तसाच राहिला.

वाद कशाचा?

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे आहे. २०१७ मध्ये भूमिपूजन झाले, वरळीचे काम २०२१ मध्ये सुरू झाले आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या ५५६ कुटुंबांना पहिल्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर, तेही फुकट. इमारती चाळीस मजल्यांच्या. ज्याने एका खोलीत चार पिढ्या काढल्या त्याच्या डोळ्यांत पाणी आले तर नवल नाही.

तरीही सुरुवातीला नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या अनेक रहिवाशांनी सर्वेक्षणाला विरोध केला. घर सोडण्याआधी लेखी करार द्या, उंच इमारतीचा देखभाल खर्च कोण भरणार ते सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. नवी मुंबईची मूळ कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक, नगररचनाकार शिरीष पटेल यांची हरकत वेगळी होती. एवढ्या जागेत एवढी माणसे आणि इतके जवळजवळ टॉवर उभे केले तर खालच्या मजल्यांना ऊन मिळणार नाही, आरोग्य बिघडेल, हे त्यांनी उच्च न्यायालयापुढे मांडले. याचिका फेटाळली गेली. २०२४ च्या डिसेंबरात पटेल वारले. याचिका गेली तरी त्यांचा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने गेलेला नाही.

परदेशांतही हा वाद होऊन गेला आहे. अमेरिकेत सेंट लुईस शहरात गरिबांसाठी अकरा मजल्यांच्या ३३ इमारती १९५० च्या दशकात बांधल्या. प्रुइट-आयगो हे त्या वसाहतीचे नाव. पैसे वाचवण्यासाठी लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबत असे. देखभालीला पैसा उरला नाही, माणसे सोडून गेली आणि १९७२ पासून सुरुंग लावून इमारती पाडाव्या लागल्या. लंडनमध्ये १६ मे १९६८ रोजी रोनन पॉइंट या २२ मजली सरकारी टॉवरमध्ये गॅसचा स्फोट झाला आणि एका कोपऱ्यातले मजले पत्त्यांसारखे कोसळले. चौघे गेले. त्याच शहरात १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर पेटला आणि ७२ माणसे मेली.

मग उंच इमारत वाईटच का? तसेही नाही. सिंगापूरमध्ये तीन चतुर्थांशांहून अधिक लोक सरकारने बांधलेल्या उंच इमारतींत राहतात आणि ते जगातल्या दीर्घायुषी लोकांत मोडतात. तिथल्या जुन्या इमारतींतही लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबत असत. म्हातारी माणसे वाढली तशी सरकारने २००१ पासून प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवण्याचे काम हाती घेतले. फरक पडला तो उंचीने नाही, देखभालीने.

सांगायचा मुद्दा असा की, पाडावे की पाडू नये हा प्रश्न अर्धाच आहे. जे बांधले जाणार आहे त्याच्या सर्वांत खालच्या खोलीत दुपारी बारा वाजता किती उजेड येईल, हा उरलेला अर्धा. पहिल्यावर सगळे भांडतात. दुसरा डॉक्टरांनी विचारायचा आहे.

वर राहणाऱ्यांसाठी

उंचीचे काही धोके मात्र खरे आहेत. कॅनडात टोरोंटो परिसरात घरी हृदय बंद पडलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी ४.२ टक्के वाचले. तिसरा मजला आणि त्यावर २.६ टक्के. सोळाव्या मजल्याच्या वर तर एक टक्काही नाही. कारण सरळ आहे. रुग्णवाहिका दारात वेळेवर आली तरी लिफ्टची वाट पाहण्यात आणि वर पोचण्यात मिनिटे जातात, आणि हृदय बंद पडल्यावर एकेक मिनिट मोलाचे असते.

ज्यांचे आईवडील अशा घरात राहायला जाणार आहेत, त्यांनी पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात.

१. स्ट्रेचर आडवे मावेल अशी एक तरी लिफ्ट आहे का, आणि वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालते का, हे आधी विचारा. लिफ्टचा देखभाल खर्च सोसायटीत कधीही थकवू नका.

२. आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. जिना कुठे आहे ते म्हाताऱ्या माणसाला स्वतः नेऊन दाखवा. जिन्यात सायकली आणि जुने सामान ठेवू देऊ नका.

३. दमा, हृदयविकार, मधुमेह यांची औषधे निदान पंधरा दिवसांची घरात ठेवा. इन्हेलर संपल्यावर खाली उतरणे हा बेत चुकीचा आहे.

४. घरातल्या निदान एका तरुण माणसाने छाती दाबून हृदय सुरू करण्याची कृती शिकून घ्यावी. मदत वर येईपर्यंत तीच उपयोगी पडते.

५. रोज एकदा खाली उतरून उन्हात अर्धा तास बसावे, जमेल तेवढे चालावे. बंद काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही. हाडे दुखतात, गुडघे आणखी कुरकुरतात.

६. चाळीत दार उघडे असे, येणारा-जाणारा विचारपूस करी. टॉवरमध्ये दार बंद. एकटेपणाने भूक मंदावते, झोप जाते, रक्तदाब वाढतो. एखाद्या शेजाऱ्याशी रोज भेटायची वेळ ठरवून घ्या.

आणि मंठ्यात?

आपल्याकडे टॉवर नाहीत, जागेची चणचणही मुंबईसारखी नाही. तरीही नव्या घरांत मला कोंदट खोल्या दिसतात. पुढे दुकानाचे शटर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, मागे न्हाणी, मध्ये दोन अंधाऱ्या खोल्या, आणि त्यांतल्या एकीत आजोबांची खाट. घरकुल बांधतानाही समोरासमोर खिडक्या ठेवायचे विसरतात. जुन्या वाड्याला चौक असे, त्यातून उजेड आणि वारा दोन्ही येत. चौक गेला, स्लॅब आली. घर बांधणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी ठेवा, आणि जमल्यास तिच्या समोरच्या भिंतीला दुसरी खिडकी किंवा झरोका द्या. भर दुपारी दिवा न लावता पेपर वाचता आला तर खोली पास.

आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, बारीक ताप, वजन घटणे यांपैकी काही असेल तर माझ्यासारखा अंदाज बांधत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. उपचार चालू असेपर्यंत पोषण आहारासाठी रुग्णाच्या खात्यात महिना १००० रुपये जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून वाढवली आहे. घरात एकाला क्षय निघाला तर बाकी सगळ्यांची तपासणी करून घ्यावी. आमच्या घरात ती एक महिना आधी झाली असती, तर माझ्या मामेबहिणीची आठवी चुकली नसती.

मामींना दिलेले उत्तर

चार दिवसांनी मी मामींना सांगितले, जा. पण मामेभावाला वरच्या सहा गोष्टी पाहायला लावूनच. तो मुंबईला जाऊन पाहून आला. फोनवर म्हणाला, "दादा, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं. आपल्या घरात दुपारी दिवा लागत नाही. समुद्राचं वारं येतं." रात्री उठून व्हरांड्याच्या टोकाला जायचे नाही, हे ऐकून मामी पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "मग आता संध्याकाळी पाणी प्यायला हरकत नाही."

निघायच्या आदल्या दिवशी औषधे न्यायला आल्या तेव्हा त्यांनी आणखी एक विचारले. चाळीतल्या त्यांच्या शेजारणीला दुसऱ्या मजल्यावर घर मिळाले आहे. तिलाही दमा आहे.

"मला एकोणिसाव्यावर ऊन येतं म्हणतोस. तिचं काय?"

मी म्हणालो, "मामी, गेल्यावर आधी तिच्या घरी जा. दुपारी बारा वाजता. दिवा बंद करायला सांगा, अन् मला फोन करा."

त्या परवाच्या गाडीने परतूरहून गेल्या आहेत. फोनची वाट पाहतो आहे.